पद्माक्काचा पिवळा

“वृषाले, माझा पिवळा काढून घेणार आहेस म्हणं तू?”

पद्माक्का नमनाला घडाभर तेल ओतत नाही. माझी ही थोरली बहीण जयसिंगपूरला हायस्कुलात भूगोल शिकवते. ज्वालामुखी शिकवून शिकवून तिलाही पोटात काही न ठेवण्याची सवय लागली आहे.

“मी कुठं काढून घेतेय, अक्का? कंपनी ठरवतेय.”

“आणि कंपनीत तू काय भांडी घासतीस?”

पुण्याच्या ‘वर्णिका’ कंपनीत मी लहर विभागाची प्रमुख होते. कापडावरचं ‘थांबा’ हे बटण कायमचं बंद करायचं की नाही, याचा निर्णय पाडव्याला व्हायचा होता आणि त्याखाली माझी सही लागणार होती. तेवढी मोठी झाले होते मी.

पुढच्या पिढीला हे सगळं थापा वाटेल, म्हणून आधी मोरकापडाबद्दल सांगून टाकते.

नद्यांचं पाणी एक दिवस लाल आणि दुसऱ्या दिवशी जांभळं वाहू लागलं, तेव्हा कुठे सरकारला जाग आली आणि कापड रंगवण्याचे कारखाने बंद झाले. मग कापडाला रंग आणायचा कुठून? शास्त्रज्ञांनी मोराकडे पाहिलं. मोराचं पीस खलबत्त्यात कुटलंत तर निळी भुकटी मिळत नाही, मातकट तपकिरी मिळते. कारण पिसात निळा रंग नसतोच. त्यात असतात डोळ्यांना न दिसणारे बारीक थर. त्या थरांवरून परतणारे प्रकाशाचे किरण एकमेकांत मिसळतात. त्यात काही रंगांचे किरण एकमेकांना मारून टाकतात, काहींचे एकमेकांना जोर देतात, आणि जो रंग जोरात येतो तो आपल्याला दिसतो. थरांमधलं अंतर बदललं की रंगही बदलतो.

मोरकापडाच्या धाग्यात असेच थर असतात, पण जेलीसारखे लवचिक. त्यांना जराशी वीज दिली की ते फुगतात किंवा आकसतात. फुगले की तांबड्याकडे जातात, आकसले की निळ्याकडे. शेजारशेजारच्या धाग्यांना वेगवेगळे रंग दिले की नक्षी उमटते, मिश्र रंगही मिळतात. वीज येते आपल्याच हालचालींतून, कापडाला पडणाऱ्या चुण्यांमधून. पदराच्या टोकाला किंवा सदऱ्याच्या काठाला मुगाएवढी चकती असते, आणि कापडाची सगळी अक्कल त्या मुगात असते.

सुरुवातीला लोक नुसते चेकाळले. माणसं जेवणाच्या आत तीन-तीनदा रंग बदलायची. लग्नात मंगलाष्टकं चालू असताना नवरीची मावशी नवरीच्याच रंगात उभी राहिली म्हणून मांडवात भांडणं झाली. मग सगळे थकले. रोज सकाळी सगळ्या जगातले रंग समोर आणि त्यातून निवड करायची, हे काही सोपं काम नाही. तेव्हा ‘वर्णिका’नं लहर काढली. दर पंधरवड्याला एक रंगसंगती, एक नक्षी, सगळ्यांच्या कापडावर आपोआप. वय आणि अंगलट पाहून थोडा फरक करायचा, बाकी सगळं एक. ज्याला लहर नको असेल त्यानं चकतीवर ‘थांबा’ दाबायचं, आपला रंग सांगायचा आणि त्यात राहायचं. अशा लोकांना आम्ही ऑफिसात ‘थांबे’ म्हणायचो. वर्षावर्षाला ते कमी होत चालले होते.

लहरीवर हसणाऱ्यांना मी एवढंच सांगीन की तुम्ही सुंदर असाल किंवा बेफिकीर असाल. मी दोन्ही नव्हते. जयसिंगपूरहून पुण्याला कॉलेजात आले, त्या पहिल्याच दिवशी मी आईनं हौसेनं शिवलेला जरीच्या काठाचा मोरपंखी ड्रेस घातला होता. एका मुलीनं अगदी गोड आवाजात विचारलं, “आज कुणाचं लग्न आहे का गं?” त्यानंतर कित्येक वर्षं सकाळी कपाटासमोर उभी राहिले की तो गोड आवाज माझ्या कानात यायचा. हे घातलं तर हसतील का, ते घातलं तर जुनं वाटेल का. लहर आली आणि तो आवाज बंद झाला. सगळ्यांसारखं दिसण्यात केवढं सुख असतं हे ज्याला कधी कुणी हसलेलं नाही त्याला कळायचं नाही.

पद्माक्काचं मात्र उलट होतं.

भाऊजी गेले तेव्हा अक्का छत्तिशीत होती. नातेवाईक भेटायला यायचे आणि साड्या आणायचे. राखी, मळकट पांढऱ्या, धुरकट करड्या. कुणी काही बोलायचं नाही, नुसती पिशवी कोचावर ठेवून जायचे. अक्का वर्षभर त्या नेसली. एक दिवस शाळेतून येताना तिनं दुकानात जाऊन एक साडी घेतली. पिवळी. तिचा पिवळा सौम्य नव्हता, लिंबूही नव्हता. लांबून कुणी ओरडल्यासारखा तो दिसायचा. त्यावर वांगी रंगाचं ब्लाउज. दुसऱ्या दिवशी ती तशीच शाळेत गेली. गल्लीत महिनाभर कुजबुज चालली. चुलतसासू तर घरी येऊन म्हणाली, “लोक काय म्हणतील?” अक्का म्हणाली, “म्हणू देत की. त्यांना तोंड दिलंय कशाला देवानं?” तेव्हापासून ती पिवळ्यातच आहे. पोरं तिला हळदी मॅडम म्हणतात आणि ते तिला आवडतं.

रंगवलेल्या साड्या विरत गेल्या, नव्या मिळेनात, तेव्हा तिनंही मोरकापड घेतलं. घेतलं त्या दिवशी ‘थांबा’ दाबून आपला पिवळा सांगितला, तो आजतागायत. म्हणजे ‘थांबा’ गेलं की अक्काचा पिवळाही गेला. दुसरीकडे कुठे तो मिळण्यातला नव्हता.

“सगळ्यांसारखं एकदा होऊन तर बघ,” मी फोनवर म्हणाले.

“वर्षभर होते की. करड्यात,” अक्का म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

लहर कुणाच्या मनात येईल तशी ठरत नसे. ते काम यंत्राचं होतं. कापड पुन्हा वापरता यावं म्हणून प्रत्येक नव्या कापडात एक ओळखधागा विणायचा कायदा रंगबंदीच्याही आधीपासून होता. दुकानांची, सभागृहांची, घरांची दारं तो धागा वाचायची. त्यामुळे कुठलं कापड, कुठल्या रंगात आणि नक्षीत, कुठून कुठे गेलं हे यंत्राला कळायचं. माणसाचं नाव नाही, फक्त कापडाची चाल. आणि आमचं मूळ सूत्र अगदी घरगुती होतं. चांगली साडी एका कपाटात राहत नाही. धाकटी बहीण ती मागून नेते, मैत्रीण एका दिवसासाठी नेते, मुलगी आईची पळवते. जे कापड हातोहात फिरतं, लोक जमतात तिथे दिसतं आणि कुणी टाकून देत नाही, ते लोकांच्या मनात भरलेलं असतं. तेच पुढची लहर. हे सूत्र माझंच होतं, आणि आजवर ते फारसं चुकलं नव्हतं.

‘थांबा’ दाबलेलं कापड मात्र यंत्राला काही सांगत नसे. ते आपलं ज्या घरातून निघायचं त्याच घरी परत यायचं. म्हणून निमिष सरांना ‘थांबा’ नको होतं. निमिष सर आमचे मुख्य, वयानं माझ्याहून लहान, चिपळूणचे, दिवसाला दहा कप काळा चहा पिणारे. माणूस वाईट नाही, पण आकड्यांसमोर त्यांना दुसरं काही दिसत नसे. त्यांनी संचालकांना शब्द दिला होता की पाडव्याची लहर दहातल्या नऊ लोकांनी दिवसभर अंगावर ठेवली, तर ‘थांबा’ची गरज उरली नाही असं समजायचं आणि ते काढून टाकायचं. मागच्या खेपेला आकडा नऊच्या अगदी जवळ आला होता.

पाडव्याला पंधरा-वीस दिवस असताना यंत्रानं आपला कौल दिला. पडद्यावर नक्षी उमटली.

काळजासारखा तपकिरी रंग. त्यावर पोपटी चांदण्या. मधूनमधून चांदण्यांच्या जागी गुलाबी बदाम.

“हे काय आहे?” मी विचारलं.

“महाराष्ट्रात सगळ्यात वेगानं फिरणारं कापड,” निमिष सर म्हणाले. त्यांचे डोळे लकाकत होते. “बघा ना आकडे. वर्षात एकेक तुकडा कितीतरी घरं फिरलाय. प्रत्येक वेळी चार बायका जमल्यात तिथे, सणासमारंभाला. आणि भंगारात गेलेला एकही नाही. एकही! असं कापड आपण आजवर पाहिलेलं नाही.”

“पण दिसायला...”

“मॅडम, लहर पहिल्यांदा विचित्रच दिसते. तुम्हीच म्हणता.”

मी म्हणायचे खरं तसं. शिवाय आकडे माझ्याच सूत्रातून आले होते. मी तो कौल पुढे जाऊ दिला, आणि त्या शनिवारी अक्काची समजूत काढायला जयसिंगपूरला गेले.

अक्कानं चांगलं जेवू घातलं. खर्डा, भाकरी, वर दही. समजूत काही निघाली नाही. मी लहरीचे फायदे सांगायचे आणि ती “आणखी थोडा भात घे” म्हणायची. संध्याकाळी निघताना तिनं मला पाटावर बसवलं आणि ओटी भरायला घेतली. विधवेनं ओटी भरू नये असं सांगायला आलेल्या बायकांना अक्कानं कधीच वाटेला लावलं होतं. तिच्या म्हणण्याप्रमाणे धाकट्या बहिणीला रिकाम्या ओटीनं पाठवायचं तर थोरली कशाला व्हायचं.

तिनं कपाटावरून एक पिशवी काढली. तुमच्याही घरी ती असेल. ओटीत आलेले ब्लाउजपीस त्या पिशवीत जातात आणि दुसऱ्या कुणाची ओटी भरायची वेळ आली की त्यातूनच निघतात. ते कधी शिवायचे नसतात, तसा नियम नाही, पण शिवत कुणी नाही. ओटीचं म्हणून टाकूनही देत नाहीत. अक्कानं हात घालून एक तुकडा काढला, त्यावर नारळ आणि तांदूळ ठेवून माझ्या पदरात घातला.

काळजासारखा तपकिरी. पोपटी चांदण्या. गुलाबी बदाम.

“अक्का,” मी म्हणाले, “हा कुठला?”

“कुणास ठाऊक. चौगुलेवहिनींनी दिला असेल. का गं?”

“असे आणखी आहेत?”

अक्कानं पिशवी जमिनीवर उपडी केली. त्यात तसलेच चार होते. मग तिला आठवलं. रंगबंदी लागायच्या आधी कुठल्यातरी गिरणीनं शेवटचा मोठा माल काढला होता. दुकानदारांना तो खपेना. लग्नात आहेरासाठी गठ्ठ्यानं ब्लाउजपीस लागतात, तिथे त्यांनी तो स्वस्तात खपवला. तेव्हापासून तो गावोगाव एका ओटीतून दुसऱ्या ओटीत फिरत होता. ज्या घरी जाईल त्या घरच्या बाईनं एकदा बघायचं, “अगंबाई” म्हणायचं, आणि पहिल्या सवाष्णीच्या पदरात घालून सुटायचं.

मी अक्काला यंत्राचा कौल सांगितला. तिला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि ती पाटाशेजारी भुईवर बसली. तिच्या तोंडातून आवाजच निघेना. खांदे गदगदत होते. मला वाटलं रडतेय. मग तिनं श्वास घेतला आणि अशी हसायला लागली की शेजारच्या चौगुलेवहिनी खिडकीतून डोकावल्या.

“म्हणजे हा,” अक्का डोळे पुसत म्हणाली, “सगळ्या महाराष्ट्राच्या अंगावर येणार? मंत्र्यांच्या? पोलिसांच्या? तुमच्या त्या निमिष सरांच्या?”

मीही हसत होते. पदरातले तांदूळ सांडले. पण हसता हसता माझ्या लक्षात आलं तसं तिच्याही आलं. ही लहर आली तर ती कुणी अंगावर ठेवणार नाही. आकडा नऊपर्यंत जाणार नाही. ‘थांबा’ राहील.

“वृषाली,” अक्का एकदम हळू आवाजात म्हणाली, “तू गप बस. कुणाला काही सांगू नकोस. एवढं कर माझ्यासाठी.”

“अक्का, यंत्र चुकलंय आणि ते मला ठाऊक आहे. विभाग माझा आहे.”

“आणि मी कोण आहे?”

मी पदरातला नारळ हातात घट्ट धरून बसले होते. तिनं इतकी वर्षं माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. आज मागितलं ते एवढंच, तोंड बंद ठेव. पण माझं सगळं आयुष्य त्या सूत्रावर उभं राहिलं होतं आणि ते चुकीचं आहे हे कळून मी तोंड मिटून बसले असते, तर पुन्हा ऑफिसात मान वर करून बसता आलं नसतं.

“मला सांगावं लागेल,” मी म्हणाले.

अक्का उठली. चारही ब्लाउजपीस पिशवीत भरले. “तुझी बस चुकंल,” म्हणाली. मला पोचवायला ती दारापर्यंतही आली नाही. पुण्यात आल्यावर मी केलेले फोन तिनं उचलले नाहीत.

सोमवारी मी ओटीतला तो तुकडा निमिष सरांच्या टेबलावर ठेवला आणि सगळं सांगितलं. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला.

“आमच्या आईकडेही असते ही पिशवी,” ते सावकाश म्हणाले. “मग दुरुस्त करा ना मॅडम. दिलेलं कापड वगळा, मागून नेलेलं ठेवा.”

“यंत्राला तो फरक कळत नाही. दोन्हींत कापड एका घरातून दुसऱ्या घरात जातं, एवढंच दिसतं. हौसेनं नेलं की गळ्यात मारलं, हे त्याला कसं कळणार?”

“अंगावर घातलेलंच मोजा. न शिवलेलं आपोआप गळेल.”

हे बरोबर होतं. घडीतलं कापड आणि अंगावरचं कापड यांतला फरक दारांना कळायचा. मी तसं केलं. नव्या कौलातून चांदण्या गेल्या. पण मी थांबले नाही. कापडाची चाल म्हणजेच आवड हे धरून मी इतकी वर्षं चालले होते, आणि त्या ब्लाउजपीसनं माझा तो विश्वासच हलवून टाकला होता. म्हणून मी यंत्राला उलटा प्रश्न विचारला. जे कापड कुठेच जात नाही, एकाच घरात राहतं, पण पुन्हा पुन्हा अंगावर चढतं, ते दाखव.

पडदा भरून गेला. लाखो ठिपके, आणि दोन ठिपके एकासारखे नाहीत. कुठे हिरवा चौकडा, कुठे काळ्यावर काळीच रेघ, कुठे कुणाचा विटका गुलाबी सदरा. जयसिंगपूरला एक पिवळा ठिपका होता. ही माणसं आपलं कापड कुणाला देत नव्हती, कुणाचं मागत नव्हती. त्यांना जे मनापासून आवडत होतं ते फिरत नव्हतंच. मी ज्यांना कमी होत चाललेले थांबे म्हणत होते त्यांच्याखेरीज तिथे लहरीतलेही कितीतरी होते. चार दिवस लहर आणि पाचव्या दिवशी घरात, दार लावून, आपला आवडता जुना गाऊन घालणारे. या सगळ्यांची मिळून लहर करायला गेलं तर नुसता करडा रंग यायचा.

ते मी निमिष सरांना दाखवलं.

“हे खरं असेल तर आपल्याकडे विकायला काहीच नाही,” ते म्हणाले.

“हो.”

“पाडवा तोंडावर आलाय, मॅडम. संचालकांना मी काय सांगू? लोकांना काही आवडतच नाही म्हणून?”

“आवडतं. प्रत्येकाला वेगळं आवडतं.”

ते कपाळ चोळत बसले. मग म्हणाले, यंत्राचा पहिला कौल आधीच घरोघरच्या चकत्यांत जाऊन बसला आहे, आता माघार नाही. चांदण्या तर चांदण्या, लोक सवय करून घेतील. मी सांगितलं, ‘थांबा’ काढायच्या कागदावर माझी सही मिळणार नाही. ते म्हणाले, आकडा नऊच्या वर गेला तर तुमच्या सहीवाचूनही होईल. यात राग नव्हता. ते थकलेले दिसत होते आणि मला त्यांची कीव आली. मी रजा टाकली.

पाडव्याच्या सकाळी मी जयसिंगपूरच्या स्टँडवर उतरले. अंगावर चांदण्या होत्या. कंपनीच्या माणसानं लहरीत राहायचं हा नियमच होता, आणि नोकरी अजून होती. खरं सांगायचं तर गाडीत मला धाकधूक वाटत होती. लोक खरंच सवय करून घेतील, असंही होऊ शकत होतं. लोकांनी याहून वाईट गोष्टींची सवय करून घेतलेली मी पाहिली होती.

अक्काच्या दाराची कडी वाजवली. ती पिवळ्यात होती, हातात गुढीची काठी. तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, पण हसली नाही.

“सही करून आलीस?”

“नाही केली.”

माझ्या खांद्यावरची पिशवी तिनं काढून घेतली आणि आत नेऊन ठेवली. बाहेर आली तेव्हा म्हणाली, “काठी धर.”

आम्ही गुढी उभी करत होतो, तेवढ्यात गल्ली जागी झाली. एकेक दार उघडू लागलं. समोरचे बिराजदार सर अंघोळ करून, गंध लावून, नव्या सदऱ्यात बाहेर आले. तपकिरी, पोपटी चांदण्या, गुलाबी बदाम. मागून त्यांच्या बायको आल्या, हातात कडुलिंबाचा डहाळा. त्यांनी नवऱ्याच्या पाठीकडे पाहिलं. मग स्वतःच्या पदराकडे पाहिलं. मग गल्लीत दोन्ही बाजूंना.

“अगंबाई,” त्या म्हणाल्या, “हा तर ओटीतला!”

त्याच क्षणी चौगुलेवहिनींच्या दारातून हसू फुटलं. मग पलीकडून. गल्लीतली प्रत्येक बाई त्या कापडाला ओळखत होती. प्रत्येकीनं ते कधी ना कधी दुसरीच्या पदरात घालून सुटका करून घेतली होती, आणि आता ते सगळ्यांच्या नवऱ्यांच्या अंगावर परत आलं होतं. पुरुषांना काही उलगडेना. बिराजदार सर विचारत राहिले, “काय झालं? काय झालं?” आणि त्यांच्या बायकोला सांगता येईना, त्या पायरीवरच बसल्या.

कुणीतरी पहिल्यांदा चकतीवर बोट ठेवलं. मग सगळ्यांनी. ‘थांबा’ दाबलं की चकती विचारते, कोणता रंग? गल्लीतल्या निम्म्या लोकांना तो प्रश्न वर्षानुवर्षं कुणी विचारला नव्हता. लोक दारात उभे राहून विचार करू लागले. बिराजदार सरांनी खूप वेळ घेतला आणि गडद निळा घेतला, बाह्या मात्र केशरी. “लहानपणी होता असा एक,” ते ओशाळून म्हणाले. चौगुलेवहिनी आकाशी झाल्या, मग हिरव्या, मग पुन्हा आकाशी. बघता बघता गल्लीत कुणाचा कुणाला मेळ राहिला नाही.

माझा फोन वाजला. निमिष सर होते.

“आईचा फोन आला होता,” ते म्हणाले. “म्हणाली, निमिष, सकाळी सकाळी माझ्या अंगावर ही ओटी कुणी भरली?” आणि मग तेही हसायला लागले. मी त्यांना आजवर हसताना ऐकलं नव्हतं. हसू ओसरल्यावर त्यांनी सांगितलं, दहातल्या दोघांच्याही अंगावर लहर उरलेली नाही. संचालकांची बैठकही फोनवरच उरकली होती. ‘थांबा’ राहणार, आणि यापुढे ते काढायचा विषयही निघणार नाही, असं ठरलं.

“तुम्ही मंगळवारी या,” ते म्हणाले. “तो उलटा प्रश्न पुन्हा एकदा बघू. त्यातून काही करता येतं का.”

मी अक्काला सांगितलं. तिनं हातातला कलश गुढीवर पालथा घातला, हार नीट केला, आणि मग दोन्ही हातांनी माझा चेहरा धरला. “जीव भांड्यात पडला बघ,” म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. पोटात काही न ठेवणारी माझी बहीण महिनाभर धास्ती पोटात ठेवून होती, हे मला तेव्हा कळलं.

“आणि तू अजून त्या चांदण्यांत कशाला?” ती एकदम म्हणाली. “काढ की.”

मी पदराची चकती दाबली. कोणता रंग?

मला काही सुचेना. कॉलेजातली ती मुलगी आठवली, तिचा तो गोड आवाज पुन्हा कानात आला. समोर बिराजदार सर केशरी बाह्यांत पेढे वाटत फिरत होते. त्यांना कुणी हसत नव्हतं, किंवा सगळेच हसत होते आणि त्यांना काही वाटत नव्हतं. मी कांद्याच्या सालीचा रंग सांगितला. का सांगितला ते ठाऊक नाही. त्यावर मोठा पांढरा चौकडा, आणि काठ काळाभोर. तो हळूहळू अंगावर उतरला.

अक्का दोन पावलं मागं सरली. मान तिरकी केली.

“ध्यान दिसतीस अगदी,” म्हणाली.

“बदलू?”

“तुला आवडलंय का?”

मी खाली पाहिलं. पदर हातात घेऊन उन्हात धरला. चौकडा फार मोठा होता, आणि काठ तर शोभत नव्हताच.

“हो,” मी म्हणाले.

“मग राहू दे. चल, गुढीला नमस्कार कर.”